दव झाडायची काठी

आमच्या घरी थंडीची तयारी गोधड्यांपासून सुरू होत नसे, गवतापासून होत असे. दसऱ्याची आपट्याची पानं अजून देवापुढेच असायची आणि बाबांच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे, जांभूळ गावाच्या अंगाला, एका कारखान्याने आपल्या साहेबलोकांसाठी नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान केलं होतं, आणि बाबा तिथले हेडमाळी होते. त्यांचं नाव जोमा. आमच्या पाड्यावर गोल्फ हा शब्द कुणी उच्चारत नसे. सगळे म्हणत गोट्यांचं मैदान. एवढाली मोठी माणसं, मोटारीतून येतात आणि गोट्या खेळतात, म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसत. बाबा मात्र हसत नसत. पावसाचे चार महिने मैदान बंद असे, गवत कमरेएवढं वाढे, त्यात साप फिरत, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी तेच मैदान साहेबांना गालिच्यासारखं लागे. मधल्या महिन्याभरात जे काही व्हायचं ते बाबांच्या हातून व्हायचं.

ते काम मला तोंडपाठ आहे, अजूनही. आधी मोठं गवत विळ्यांनी कापायचं, मग मशीन फिरवायचं. मग खड्ड्याभोवतीची जी गुळगुळीत गोल जागा असते, तिला साहेब ग्रीन म्हणत आणि आमच्या आईसकट सगळा पाडा गिरीन म्हणे, ती पावसाने घट्ट झालेली असायची. तिला काट्याने टोचून टोचून हवा द्यायची, वर रेती आणि कुजलेलं खत चाळून पसरायचं, आणि जिथे मूळच कुजलं असेल तिथे हरळी लावायची. हरळी म्हणजे आपली गणपतीची दूर्वाच. शेतकरी जन्मभर जी हरळी शिव्या घालत उपटतो, ती माझ्या बापाने जन्मभर एकेक काडी करून लावली. आजी जिवंत होती तोवर ती यावरून त्यांना बोल लावायची, की जोमाचं डोकं फिरलंय, तण पेरतो आणि पगार घेतो. पण तिच्या बोलण्यात दुसरंही काही होतं. मैदानातलं सहावं ग्रीन ज्या जागेवर होतं, ती जागा आमची होती. आमचं भाताचं खाचर. कारखान्यासाठी जमीन गेली तेव्हा बाबा विशीत होते. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली, आणि नोकरी मिळाली ती त्याच जमिनीवर. याबद्दल बाबा कधी एक शब्द बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, माती तीच हाय ना, मग झालं.

सगळ्यात शेवटचं आणि रोजचं काम दव झाडायचं. थंडीत पहाटे ग्रीनवर जे दव बसतं ते उन्हाने आपोआप वाळायची वाट बघत बसलं तर गवताला बुरशी धरते. म्हणून दोन पुरुष लांबीची, शेंड्याला लवचीक अशी बांबूची काठी घ्यायची आणि ग्रीनवरून अर्धगोल फिरवत चालायचं, सपकन् इकडे, सपकन् तिकडे. दव खाली पडतं आणि गवताचा रंग बदलत जातो, काठीमागे गडद पट्टा उमटत जातो. तो आवाज मला लहानपणी झोपेत ऐकू यायचा, कारण आमचा पाडा ओढ्याच्या अलीकडेच होता. घरात चुलीवर आई तांदळाची भाकरी थापतेय, तिचा टप टप आवाज, आणि बाहेर बाबांची काठी. अलीकडे पालेगावच्या या अकराव्या मजल्यावर सकाळी कुणी गाडी पुसायला फडकं झटकलं तरी मी उठून बसते. सून म्हणते, आई, तुम्हाला झोप लागत नाही का. लागते गं, पण कान जागे राहतात.

ज्या थंडीबद्दल मला सांगायचंय त्या थंडीत मी एकोणीस वर्षांची होते आणि उल्हासनगरला शिक्षिका होण्याच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षात होते. आमच्या पाड्यावर दहावीच्या पुढे गेलेली मी एकटी, त्यामुळे नाकाच्या शेंड्याला जरा राग आणि डोक्यात बरीचशी हवा होती. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बाबांच्या डोळ्यांना काचबिंदू असल्याचं निघालं. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी मलाच आत बोलावून सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते टिकलं तर नशीब. बाबांना तेव्हा नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, समोर एवढंसं वर्तुळ, बाकी काळोख. पाऊस संपेपर्यंत ते वर्तुळही धुकटलं. आज मीसुद्धा रात्री दोन्ही डोळ्यांत थेंब घालून झोपते, हे घराण्यातून येतं म्हणे. माझं वेळेवर कळलं. त्यांचं नाही.

ही गोष्ट घरात तिघांनाच माहीत होती. ऑफिसला कळलं असतं तर बाबांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं. ज्या माळ्याला गवत दिसत नाही तो माळी कशाला ठेवतील? आणि ते घरी बसले असते तर माझं शेवटचं वर्ष तिथेच थांबलं असतं, हे मला न सांगताही कळत होतं. एके दिवशी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवला आणि आईला म्हणाले, ‘एवढी एक थंडी निघू दे. बाय मास्तरीण झाली की मी बसतो घरी.’ बाय म्हणजे मी. मग माझ्याकडे तोंड करून, पण माझ्या जरा डावीकडे बघत म्हणाले, ‘तू माझे डोळे. मी करीन, तू बगून सांग.’

आणि खरं सांगते, सुरुवातीला मी ते फार मनापासून केलं. सकाळी उजाडताना आम्ही दोघं निघायचो. बाबा कधीच चपला घालत नसत. तळपायाला त्यांना गवत कळायचं, कुठे ओल जास्त, कुठे पातळ झालंय, सगळं पायाने वाचायचे. रस्त्याने जाताना ती लांब काठी आडवी धरायची, पुढचं टोक माझ्या हातात, मागचं त्यांच्या. बघणाऱ्याला वाटे बापलेक काठी वाहून नेतायत. खरं म्हणजे मी त्यांना नेत असे. ग्रीनवर पोचलं की काठी त्यांच्या हातात, आणि पुढे काठी फिरवत चालणारा माणूस आंधळा आहे हे कुणाच्या बापाला कळणार? बरोबर कामाला पाड्यावरच्या चार बायका होत्या, त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्या युक्तीचं फार कौतुक वाटायचं. एकदा मी हसले तर बाबाही हसले, म्हणाले, देवाने डोळे नेले पण आधी काठी देऊन ठेवली होती.

त्या वर्षी सहावं ग्रीन पावसात जवळजवळ सगळंच कुजलं होतं. ते ओढ्यापलीकडे, करवंदीच्या जाळीमागे, सखल जागी होतं. खाचरच ते, पाणी धरणारच. बाबांनी ठरवलं की नव्याने हरळी लावायची, वर चाळलेलं खत पसरायचं, आणि मैदान उघडेपर्यंत कुणी पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. हरळी लावली दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या आदल्या दिवशी. अर्ध्या ग्रीनवर खत पुरलं आणि अर्ध्यावर संपलं. नवी गाडी दिवाळीनंतरच येणार होती. तेव्हा आई म्हणाली, आपल्या खळ्याची माती घाला की. आमच्याकडे वर डोंगराच्या कडेला उरलेला एक तुकडा होता, त्यातलं हळवं, लवकर पिकणारं भात नुकतंच झोडून झालं होतं. खळं शेणाने सारवलेलं, त्यावर बैलांच्या पायाखाली बारीक झालेली माती, तूस, शेणाचा भुगा. मऊ, काळीशार. बाबांनी ती मुठीत घेतली, चुरली, हुंगली आणि तोंडभर हसले. ऑफिसच्या खतात असा वास कुठला, म्हणाले. मीच चाळली ती माती. चाळण होती खडे अडवायची. भाताचा दाणा तिच्यातून आरामात खाली जातो हे मला दिसायला हवं होतं, पण सणाची घाई होती, करंज्यांचं सारण आई एकटी करत होती, आणि माती मातीसारखीच दिसत होती. बाबांचे डोळे असते तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं.

पाणी द्यायला अडचण नव्हती. पंपाच्या खोलीतला व्हॉल्व्ह फिरवला की पलीकडे कारंजं सुरू व्हायचं, बाबा ते हाताच्या अंदाजाने करत. अडचण ओढ्यावरच्या साकवाची होती. दोन लाकडं आडवी टाकलेली, धरायला काही नाही. त्यावरून बाबांना रोजच्या रोज नेणं धोक्याचं होतं. म्हणून रोज सकाळी पाचव्या ग्रीनवर त्यांना काठी देऊन मी एकटीने ओढा ओलांडायचा, सहावं बघायचं आणि परत येऊन सांगायचं, असं ठरलं. माझं काम तेवढंच. जाऊन येऊन वीस मिनिटं.

आता इथे मला जे लिहायचंय ते लिहिताना हात जड होतो. माझी एक मैत्रीण होती कविता, सिंधी, उल्हासनगरला कापडबाजाराच्या मागे तिचं घर. सुट्टीत पाठांचे तक्ते आम्ही दोघी मिळून करत होतो. तिच्या घरी सकाळी दालपकवान असे. कुरकुरीत मोठं पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा. तिची आई मला ‘खा पुट, खा’ म्हणत वाढायची, पुट म्हणजे बाळ. तिथे सोफा होता, पंखा होता, भिंतीला लावलेला मोठा आरसा होता. त्या आरशात मी स्वतःला बघायची आणि मला वाटायचं, हीच खरी मी, ती काठीचं टोक धरून दवातून चालणारी कुणी दुसरीच. उशीर झाला की गरम पकवान संपायचं. एवढंच कारण. दुसरं कुठलंही मोठं कारण मी शोधून शोधून दमले, पण नाही सापडत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मी साकवापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. करवंदीच्या जाळीमधून हिरवं काहीतरी दिसत होतं. बाबांनी विचारलं, ‘सहावा कसा हाय?’ मी म्हटलं बरा आहे, धरतंय. त्यांचा चेहरा एवढा खुलला की मला वाटलं, काय बिघडलं? दुसऱ्या दिवशी साकवापर्यंतही गेले नाही. पाचव्याच्या कडेला, बांधाआड, पावलांचा आवाज त्यांना लांब गेल्यासारखा वाटेल एवढं चालून मी थोडा वेळ उभी राहिले आणि आले. ‘कसा हाय?’ चांगला आहे. ‘रंग?’ हिरवागार. ‘सगळीकडं सारखा?’ सगळीकडे सारखा, बाबा. असे किती दिवस गेले ते मी सांगत नाही. तुळशीचं लग्न येईपर्यंत गेले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मैदानाचे सेक्रेटरीसाहेब पाहणीला आले. निवृत्त फौजी, मिशी पांढरी, माणूस कडक पण वाईट नव्हता. बाबांना ‘जोमा’ म्हणायचा आणि दर होळीला स्वतः येऊन त्यांच्या कपाळाला रंग लावायचा. पहिल्या पाच ग्रीनवर तो फक्त मान हलवत गेला, आणि त्याची मान हलली म्हणजे शाबासकी. बाबा मागून काठीचं टोक धरून येत होते, पुढचं टोक माझ्याकडे. साकवावर मी इतकी हळू चालले की साहेब वैतागून मागे बघायला लागला. बाबा मात्र निश्चिंत होते. त्यांनी मला पुटपुटत सांगितलं की सहाव्यावर साहेब थांबेल बघ, गेल्या दहा वर्षांत असा सहावा झाला नसेल. मला वाटलं फार तर कुठे पिवळं पडलं असेल.

करवंदीची जाळी ओलांडली आणि साहेब थांबला. मीही थांबले. ग्रीनचा डावा अर्धा भाग जसा हवा तसा होता. उजव्या अर्ध्यावर भात उभं होतं. वीतभर उंच, दाट, पोपटी, प्रत्येक पात्याच्या टोकाला दवाचा थेंब. लावणीसाठी रहू, म्हणजे भाताचं रोप, पेरल्यावर वाफ्यात येतं अगदी तसं. भाऊबीजेपासून ते तिथे वाढत होतं, आणि ज्याला डोळे आहेत त्याला जाळी ओलांडताच दिसलं असतं. मागे बाबांना काय झालंय ते कळेना. ते दोन पावलं पुढे आले, अनवाणी पाय त्या पात्यांवर पडला आणि तिथेच राहिला. त्यांनी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये एक पातं हळूच धरलं. त्यांना कळलं होतं, भातही कळलं होतं आणि मीही.

साहेबाचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. ‘जोमा, ये क्या है?’ म्हणाला. मग वाकून एक रोप उपटलं, मुळाशी अजून भाताचा दाणा चिकटलेला होता. ‘पंद्रह दिन से उग रहा है ये. तुमको दिखा नहीं?’

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मला आजही ठाऊक नाही. बाबांनी मागून काठी जोरात पुढे रेटली, तिचं टोक माझ्या तळहातात रुतलं.

‘दिखा ना साब,’ बाबा म्हणाले. ‘रोज दिखता था. मैंनेच रखा.’

साहेबाने विचारलं, का. बाबा जिकडे आवाज आला तिकडे बरोबर तोंड करून ताठ उभे राहिले. त्या दिवशी ते कुणाच्या डावीउजवीकडे बघत नव्हते. म्हणाले, ‘ये हमारा खाचर था, साब.’

इतकंच. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य उच्चारलं होतं, आणि उच्चारलं तेही खोटं म्हणून. साहेबाचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. हातातलं रोप त्याने खाली टाकलं नाही, ते तसंच धरून तो परत गेला. आठ दिवसांनी चिठ्ठी आली. मैदानाचं जाणूनबुजून नुकसान केलं, असा त्यात मजकूर होता. बाबांनी ती माझ्याकडून वाचून घेतली, अंगठा कुठे लावायचा ते विचारलं. त्यांना सही येत होती, पण रेघ दिसत नव्हती.

माझं वर्ष आईने पुरं केलं, वीटभट्टीवर जाऊन. मी शिक्षिका झाले, छत्तीस वर्षं शिकवलं, मुलांना खोटं बोलू नये यावर निबंधही लिहायला लावले. आणि इकडे पाड्यावर बाबांची गोष्टच झाली. जोमाने साहेबाच्या छातीवर भात लावलं! होळीला पोरं त्यावर गाणं म्हणायची. अजून म्हणतात. मागच्या वर्षी, आता जिथे ते मैदान होतं तिथे उभ्या असलेल्या इमारतींच्या एका कार्यक्रमात, आमच्याच गावच्या एका तरुण पुढाऱ्याने भाषणात बाबांना भूमिपुत्रांचा पहिला लढवय्या म्हटलं आणि मला शाल दिली. मी ती घेतली. पुढच्या रांगेत बसून टाळ्याही ऐकल्या. उठून सांगायला हवं होतं की अहो, तो माणूस लढत नव्हता, त्याला दिसत नव्हतं आणि त्याची पोरगी दालपकवान खायला गेली होती. नाही सांगितलं. बाबांनी माझ्यावर घातलेलं पांघरूण मी म्हातारपणीही अंगावरून काढलं नाही. त्यांनी ते आंधळेपण लपवायला केलं की मला लपवायला, हे मी इतक्यांदा स्वतःला विचारलंय की प्रश्नच झिजून गेलाय. लाज वाटते, दुसरं काय.

पण त्या शनिवारचं थोडं राहिलंय. त्या दुपारी घरी कुणी जेवलं नाही. आईने फक्त एकदा विचारलं की बाय, तू बघत होतीस ना गं, आणि बाबाच मधे म्हणाले, ती काय करील, भात एका रातीत येतं. आईने जन्मभर भात लावलं होतं. तिने पुढे विचारलं नाही. संध्याकाळी पलीकडून मशीनचा आवाज आला, मग थांबला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, मैदान उघडायचं होतं. उजाडलं तरी काठीचा आवाज नव्हता, ती भिंतीला टेकून उभी होती. बाबा ओट्यावर बसले होते. मी चहा घेऊन गेले तर कप न घेता म्हणाले, ‘जा. सहाव्यावर काय हाय ते बगून सांग.’

मी धावत गेले. साकव ओलांडला, जाळी ओलांडली आणि ग्रीनच्या कडेला गुडघ्यांवर बसले. सगळं बघितलं. वाकून, हाताने चाचपून, एकेक कोपरा. साहेब येण्याआधी परत आले आणि बाबांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. भात उपटलंय, बाबा. मुळासकट. बांधावर ढीग घातलाय, पाती अजून हिरवी आहेत. उरलेल्यावर मशीन फिरवलंय. पण खाली हरळी धरली आहे, भाताखालीसुद्धा धरली आहे, मी ओढून बघितली, निघत नाही. डाव्या अंगाला एक हातभर जागा पातळ आहे, बाकी सगळी घट्ट आहे. दव खूप पडलंय. कुणी झाडलेलं नाही.

बाबा ऐकत होते. मला वाटलं आता विचारतील, की मग इतके दिवस काय बघत होतीस. मी ते विचारण्याची वाट बघत होते, त्यांनी मारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी हात पुढे केला, मी चहाचा कप त्यात दिला. थंड झाला होता. तो त्यांनी सावकाश संपवला.

मग म्हणाले, ‘आता बगून सांगितलंस.’

त्यानंतर अकरा वर्षं ते आमच्यात होते. मला काही बघून सांग, असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.